सह्याद्रीचं पीस, ट्राउटचा घास

बसा इकडे गॅलरीत, पाऊस आत येत नाही तोवर. ती ट्यूबलाइट बंद कर गं, नाहीतर पंख फुटलेली सगळी वाळवी ताटात येऊन पडेल. आज गोष्ट आहे एका किड्याची, एका माशाची आणि आपल्या सह्याद्रीतल्या एका कोंबड्याची. तिघांचे मुलूख वेगळे. तरी त्यांची गाठ पडते, आणि ती गाठ माणूस मारतो, खऱ्याखुऱ्या दोऱ्याने.

आधी मासा. त्याचं नाव ट्राउट. काय म्हणालास, भाऊच्या धक्क्यावर मिळतो का? नाही रे. तिथे सुरमई मिळेल, हलवा मिळेल, बोंबील तर टोपल्या भरून मिळतील. पण ट्राउट गोड्या पाण्यातला, आणि तेही साधंसुधं गोडं पाणी त्याला चालत नाही. आपल्या नळाला तानसा-वैतरणाचं पाणी येतं ना, त्यात सोडलास तर बिचारा पहिल्या उन्हाळ्यातच उताणा पडेल. त्याला वीस अंशांच्या खालचं, वाहतं, खळखळतं पाणी लागतं. पाणी जितकं गार, तितका त्यात प्राणवायू जास्त मावतो. तीस अंशाच्या पाण्यात मावतो त्याच्या जवळजवळ दुप्पट प्राणवायू बर्फाच्या पाण्यात असतो. ट्राउट सारखा प्रवाहाच्या तोंडाला उभा राहून पोहत असतो, त्याला तेवढा लागतोच.

हा मासा मूळचा आपला नव्हे. साहेबाला काश्मीरच्या नद्या बघून आपल्या गावाकडची आठवण झाली, म्हणून 1899 साली त्याने विलायतेहून ट्राउटची अंडी मागवली. ती वाटेतच मेली. 1900 साली पुन्हा मागवली, ती जगली. मग कुलूच्या बाजूला, निलगिरीत, मुन्नारला असा तो पसरला. सह्याद्रीत मात्र नाही. आपले डोंगर त्याच्या हिशोबाने बुटके आणि गरम.

आता हा खातो काय? बरंच काही खातो, आणि पाण्यावर उतरलेले किडे तर टिपून टिपून खातो. त्यातला मुख्य किडा म्हणजे मेफ्लाय. हा आपल्याकडेही आहे बरं. सह्याद्रीतल्या स्वच्छ ओढ्यात दगड उलटा केलात, तर खालच्या बाजूला चपटं, सहा पायांचं, दोन-तीन शेपट्यांचं पोर सुळकन सरकताना दिसेल. पोटाच्या दोन्ही कडांना बारीक पानांसारखे कल्ले, सारखे हलत असतात. दगडावरचं शेवाळ खरवडून खायचं आणि अंगाला कातडी घट्ट झाली की ती टाकायची, एवढंच त्याचं काम. असे महिनोन् महिने जातात. थंड मुलखात काही जातींना वर्ष-दोन वर्षं लागतात.

मग एक दिवस ते पोर वर निघतं. पाण्याच्या पृष्ठभागाशी आलं की पाठीवर कातडी फाटते आणि आतून पंखवाला किडा बाहेर येतो. पंख ओले, उडता येत नाही. काही क्षण तो पाण्यावरच उभा राहतो, पंख पाठीवर सरळ उभे धरून, आणि प्रवाह त्याला नेईल तिकडे जातो. ट्राउट नेमका याच क्षणाला टपलेला असतो.

वाचला तर किडा काठच्या झुडपात जातो आणि तिथे जगात दुसऱ्या कुठल्याही किड्याला न जमणारी गोष्ट करतो. एकदा पंख फुटले की किडे कात टाकत नाहीत. फुलपाखरू नाही, झुरळ नाही, ती मघाची वाळवीही नाही. मेफ्लाय मात्र पंख फुटल्यावर आणखी एकदा कात टाकतो. पंखांवरचासुद्धा पातळ पापुद्रा सोलून निघतो, आणि मळकट किडा काचेसारखा लख्ख होतो. या शेवटच्या रूपात त्याचं तोंड निकामी असतं. खाण्याची नळी आहे, पण तिच्यात अन्न नाही, हवा भरलेली! उरलेले काही तास, फार तर एखाद-दोन दिवस, उपाशी राहून जोडीदार शोधायचा. नरांचा थवा पाण्यावर वरखाली नाचतो, माद्या त्यात शिरतात, पाण्यावर अंडी सोडतात आणि पंख पसरून तिथेच पडतात. ट्राउट पुन्हा हजर.

असे किडे तीस कोटी वर्षांपासून पृथ्वीवर आहेत. डायनोसॉरच्या कितीतरी आधीपासून.

तर माणसाने काय केलं, या किड्याची नक्कल गळावर बांधली. पाण्यावर तरंगणारी. तिला गळवाले ड्राय फ्लाय म्हणतात. गांडूळ नाही, पिठाची गोळी नाही. पीस आणि दोरा, बस्स. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी इलियन नावाच्या रोमन लेखकाने लिहून ठेवलंय, की मॅसिडोनियातले लोक गळाला लाल लोकर गुंडाळून तिच्यावर कोंबड्याच्या गळ्याशी लोंबणाऱ्या कातडीखालची दोन पिसं बांधतात आणि ठिपक्याठिपक्यांचे मासे पकडतात. म्हणजे कोंबडा या धंद्यात तेव्हापासूनचा.

कोंबडाच का, ते सांगतो. पण आधी ती परात आण. भर पाण्याने. आजीकडून सुई माग, आणि टिशूपेपरचा कपटा आण. कपटा पाण्यावर ठेव, त्याच्यावर सुई आडवी. हात लावू नकोस आता. बघ, कागद भिजला, खाली गेला. सुई? तरंगतेय. लोखंड पाण्याच्या जवळजवळ आठपट जड, तरी तरंगतंय. वाकून बघ, सुईच्या कडेने पाणी दबलंय, खळगा पडलाय. पाण्याचे कण एकमेकांना ओढून धरतात. आतल्या कणाला चारही बाजूंनी शेजारी असतात. वरच्या थरातल्या कणाला डोक्यावर शेजारी नाही, म्हणून त्याची सगळी ओढ बाजूला आणि खाली. त्याने वरचा थर ताणलेला राहतो. तळ्यावर पाणनिवळ्या धावतात त्या याच्याच जोरावर. आता भांड्याच्या साबणाला बोट लाव आणि पाण्यात बुडव. गेली ना सुई तळाला! साबणाने तो ताण ढिला केला.

आता माशाच्या बाजूने बघा. इथेच सगळी मेख आहे. आपण पाण्यात वाकून बघतो तसं माशाला पाण्यातून वर दिसत नाही. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, त्यामुळे अख्खं आभाळ, एका क्षितिजापासून दुसऱ्यापर्यंत, माशाला डोक्यावरच्या एका गोल खिडकीत कोंबलेलं दिसतं. ही खिडकी साधारण 97 अंशांची. मासा एक फूट खोल असेल तर त्याच्या डोक्यावरची खिडकी सव्वादोन फूट रुंद. तो वर आला की खिडकी लहान होते, खाली गेला की मोठी. आणि खिडकीच्या बाहेर? तिथे पाण्याचा पृष्ठभाग आरसा होतो. माशाला त्यात नदीचा तळच उलटा दिसतो.

या आरशावरून मेफ्लाय वाहत येतोय. किडा पाण्याच्या वर, म्हणून तो माशाला दिसतच नाही. दिसतात ते फक्त त्याच्या पायांनी पाडलेले खळगे, आरशात चमकणारे सहा ठिपके. ते ठिपके सरकत सरकत खिडकीच्या काठाशी आले, की पंखांची टोकं आधी दिसतात, तीही धडापासून तुटल्यासारखी, अधांतरी. मग धड आणि पंख हळूहळू जुळतात आणि किडा पुरता खिडकीत येतो. तोवर मासा निम्मा वर आलेला असतो.

म्हणून फ्लाय बांधणाऱ्याला किड्याचे डोळे, मिशा, नख्या काढत बसायचं कारण नाही. त्याला आधी खळगे पाडायचेत, मग पंखांचा आभास, मग धडाची सावली. फ्रेडरिक हॅलफर्ड नावाच्या इंग्रजाने 1886 साली तरंगत्या माश्या बांधण्यावर अख्खं पुस्तक काढलं आणि पुढे आयुष्यभर प्रत्येक जातीच्या किड्याचा रंग न् रंग जुळवत बसला. मला विचाराल तर साहेब नको तिथे बारकाईत गेला. मासा वरून बघत नाही हो.

हां, तर कोंबडा. बटर पेपरात आहेत ती पिसं काढ. कोपऱ्यावरच्या चिकनवाल्याकडून आणलीत, धुऊन वाळवलीत, वास नाही येत. हे मानेचं पीस कोंबडीचं आणि हे कोंबड्याचं. दोन्ही दांडीला धरून उलट्या दिशेने कुरवाळा. कोंबडीच्या पिसाचे केस मऊ, एकमेकांना चिकटलेले, कारण त्यांना बारीक उपकेस असतात आणि उपकेसांना आकडे. त्यात पाणी चटकन भरतं. कोंबड्याच्या पिसाच्या टोकाकडच्या भागात हे उपकेस जवळजवळ नाहीतच. केस सुटे, ताठ, दाबून सोडला की टण्णकन सरळ. असे पंचवीस-तीस ताठ केस पाण्यावर टेकले, तर पंचवीस-तीस खळगे पडतील आणि गळ वर उचलून धरला जाईल.

आणि यातली गंमत ऐका. आपल्याला वाटतं, कोंबडा नर म्हणून त्याला ही खास झळझळीत पिसं मिळतात. उलटं आहे. पिसांचा मूळ घाट हाच. कोंबडीच्या अंगातलं इस्ट्रोजेन तो घाट बदलून तिची पिसं आखूड, गोल, मातकट करतं. कोंबड्याला खच्ची केलं तरी त्याची मानेची लांब पिसं जात नाहीत. कोंबडीचं अंडाशय काढलं, तर पुढची पिसं येताना तिला कोंबड्याचा साज चढतो. अंड्यांवर बसणाऱ्या कोंबडीने झुडपात लपून राहावं, म्हणून निसर्गाने तिची पिसं मुद्दाम साधी केली.

आता बांधू या. गळाचा नंबर 14. मोठा नंबर म्हणजे बारीक गळ. आमच्या साचेखात्यात सुताचं असायचं तसंच, वीस नंबर जाड आणि शंभर नंबर केसासारखं. उगाच नाही माझा हात या कामात लगेच बसला. गळ वाइसमध्ये धर, वाकलेला भाग पकडीत, दांडी मोकळी. बॉबिनमधून रेशमाचा दोरा सोड, गळाच्या डोळ्यापासून, म्हणजे दोरी ओवायच्या भोकापासून, मागे वळणापर्यंत एकाला एक लागून गुंडाळ. नुसत्या गुळगुळीत तारेवर काहीच टिकत नाही, दोऱ्यावर दोरा बसतो. आता कोंबड्याच्या पिसाचे सात-आठ ताठ केस काढून मागे शेपटीसारखे बांध. शेपटी शोभेची नाही, गळाचा जड भाग पाण्यावर तोलून धरणारी आहे.

धडासाठी ते पुस्तकातलं मोरपीस दे. अगं, सगळं नको, डोळ्याजवळचा एक तंतू. याच्यावरची लव काढायची आहे, खोडरबर घे आणि हलकेच घास. बघ काय निघालं! आतली काडी एका कडेने गडद, एका कडेने फिकी. ही गळावर गुंडाळत आण पुढे. पडले ना पट्टे, एक काळा, एक पांढरट? मेफ्लायच्या पोटाला असेच कडीकडीचे पट्टे असतात. अमेरिकेतल्या थिओडोर गॉर्डन नावाच्या गळवाल्याने हॅलफर्डशी पत्रव्यवहार करून, त्याच्याकडून आलेल्या माश्या बघून, तिकडच्या खळाळत्या नद्यांसाठी आपल्या माश्या बांधल्या. त्याची नावाजलेली फ्लाय याच मोराच्या काडीची आहे, क्विल गॉर्डन. मोर हिंदुस्थानचा, नदी न्यूयॉर्कच्या डोंगरातली.

आता मुख्य पीस. केसांची लांबी गळाच्या तोंडाच्या दीडपट ते दुप्पट हवी. दांडीने बांध, टोक चिमट्यात पकड आणि आडवं न धरता गळाभोवती फिरव. चार-पाच वेढे, एकावर एक चढू द्यायचे नाहीत. प्रत्येक वेढ्याला केस चहूबाजूंनी उभे राहतायत बघ. थांब, पुढे डोळ्याशी जागा ठेव! नवशिके सगळे इथेच फसतात, डोळा बुजवतात आणि मग दोरी ओवता येत नाही. टोक बांध, उरलेलं काप, दोऱ्याचे चार फास मार आणि गाठीवर ताईच्या नेलपॉलिशचा ठिपका. झाली.

सोड परातीत. अरे, आधी पाणी बदल, साबण गेलाय ना त्यात! हं, आता सोड. उभी राहिली. केसांच्या टोकांवर आणि शेपटीवर. खालून बघता आलं असतं तर ते ठिपके दिसले असते, पण परात स्टीलची आहे. काचेचं भांडं आण उद्या.

आता रानातला कोंबडा. महाबळेश्वर, कोयना, भीमाशंकर, या बाजूला पहाटे झाडीतून तुटक आरवणं ऐकू येतं, आपल्या कोंबड्यासारखी लांब तान नाही. तो राखी रानकोंबडा. जगात फक्त आपल्या द्वीपकल्पात, दुसरीकडे कुठेही नाही. सोनेरा नावाचा फ्रेंच निसर्ग-अभ्यासक हिंदुस्थानात येऊन गेला, त्याच्या नावावरून याचं शास्त्रीय नाव पडलं, गॅलस सोनेराटी. अंग राखी, शेपटी काळी, आणि मानेची पिसं बघत राहावी अशी. पिसाच्या टोकाकडे दांडी चपटी होते, आजूबाजूचे केस तिच्यात मिसळून जातात आणि एक कडक, चकचकीत पापुद्रा तयार होतो. काळ्यावर एक पांढरा ठिपका, त्याच्यापुढे मेणासारखा पिवळा. नखाने टकटक केलं तर वाजेल. पीस आहे पण पिसासारखं नाही, आणि पाणी त्यात भरत नाही. पावसाळ्यात हा साजच उतरतो. विणीचा हंगाम संपला की मानेची पिसं गळतात, त्या जागी आखूड, काळपट पिसं येतात आणि चार महिने राजेसाहेब साध्या वेषात हिंडतात.

विलायतेत या पिसाला फार मागणी. सामन मासे पकडायच्या रंगीबेरंगी माश्यांच्या गालावर ते लावत. पण मला आवडते ती गोष्ट अमेरिकेतली. पेनसिल्व्हेनियात लेटॉर्ट नावाचा झऱ्यांचा ओढा आहे, संथ आणि नितळ. तिथे व्हिन्सेंट मॅरिनारो नावाचा माणूस बघत बसायचा, ट्राउट पृष्ठभागावरून काहीतरी टिपतायत, पण पाण्यावर मेफ्लाय एकही नाही. त्याने बारीक जाळी पाण्यात धरली. निघाले काय, तर काठच्या गवतातून पडलेल्या मुंग्या, इवले भुंगे आणि तुडतुडे. हो, तेच तुडतुडे, कपाशीच्या पानाचा रस पिणारे, त्यांचेच भाऊबंद. कापूस पिकवणाऱ्यांचे वैरी. तर इतका चपटा, बारीक, तिरका पळणारा किडा बांधायचा कसा? मॅरिनारोने विचार केला, मासा खालून बघतो, त्याला किड्याची जाडी कळतच नाही, फक्त कडेची आकृती दिसते. मग जाडी हवीच कशाला? त्याने इवल्या गळावर कोंबड्याचं पीस गुंडाळलं, वरचे आणि खालचे केस कातरून टाकले आणि पाठीवर सपाट ठेवलं आपल्या रानकोंबड्याचं ते एक कडक पीस. खालून बघणाऱ्या ट्राउटला अगदी तुडतुडा. 1950 साली त्याचं पुस्तक आलं आणि ही फ्लाय गाजली. तिचं नावच जॅसिड, तुडतुडा.

म्हणजे सह्याद्रीतल्या एका पक्ष्याचं मानेचं पीस, लांब पेनसिल्व्हेनियात, किड्याची पाठ होऊन वाहत होतं.

पिसांच्या या व्यापाराला लगाम लागला, आणि बरं झालं. 1902 साली सरकारने हिंदुस्थानातून रानपक्ष्यांची पिसं बाहेर न्यायला बंदी केली. ती मुख्यतः मडमांच्या टोप्यांपायी. मोर, बगळे, खंड्या यांची कत्तल चालली होती. रानकोंबड्याची पिसं तरी पुढे कितीतरी वर्षं जातच राहिली. मग 1972 चा वन्यजीव कायदा आला. आता तो पक्षी मारणं, त्याची पिसं विकणं गुन्हा आहे. रानात पडलेलं सापडलं तर बघा, फोटो काढा आणि तिथेच ठेवा. परदेशातल्या गळवाल्यांना हवंच असेल तर तिकडे पिंजऱ्यात पाळलेल्या पक्ष्यांची पिसं मिळतात, नाहीतर प्लॅस्टिकचा तुकडा रंगवून लावतात.

काय गं, आपल्या चिकनवाल्याचा कोंबडा आणि तो रानकोंबडा यांचं काही नातं? आहे की. घरोघरच्या कोंबड्या मुळात तांबड्या रानकोंबड्याच्या वंशातल्या, हे डार्विनच्या काळापासून मानत आले. त्याचं म्हणणं होतं, मूळ एकच. पण एक गोष्ट जुळत नव्हती. तांबड्या रानकोंबड्याचे पाय राखाडी, आणि पाळीव कोंबड्या कितीतरी पिवळ्या पायांच्या. हा पिवळेपणा आला कुठून? 2008 साली स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या लोकांनी जनुकं तपासली आणि सांगितलं, पिवळ्या कातडीचं जनुक बहुधा राखी रानकोंबड्याकडून आलंय. आपल्याच सोनेराटीकडून. केव्हातरी, कुठल्यातरी पाड्यावर, रानातला तो राखी कोंबडा पाळीव कोंबड्यांत येऊन गेला असणार.

आता शेवटी पुन्हा गळाकडे. अमेरिकेत मिशिगनच्या लेन हॅलाडेने 1922 साली बांधलेली अ‍ॅडम्स नावाची ड्राय फ्लाय आहे, आजही खूप वापरतात. तिला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं पीस लागतं, आणि ते येतं प्लिमथ रॉक जातीच्या पट्टेरी कोंबड्याच्या मानेवर. त्या जातीचं नाव तिकडच्या कोंबड्यांच्या यादीत 1874 पासून आहे, म्हणजे आपल्याकडची पिसांची बंदी यायच्या आधीपासून. आणि पाय? पिवळेधम्मक.